‘ब्रेक चिपक रहे हैं’: इंदुरातली जुनी गाडी आणि वरून खाली तपासणी

बदली होऊन इंदुरात आलेल्या मराठी माणसाबरोबर महाराष्ट्रातून एखादी जुनी गाडी येते, नाहीतर राजेंद्रनगर-सुदामानगरकडच्या कुणा काकांची नीट सांभाळलेली मारुती ८०० इथं पदरात पडते. दिल्लीसारखी जुन्या गाड्यांवरची बंदी इथं नाही. पंधरा वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण केलं की ८००, झेन, सँट्रो मजेत चालत राहतात. या वयाच्या गाडीचं एक दुखणं मात्र छळतं. ब्रेक मध्येच धरून ठेवतो, आणि गॅरेजला पोचेपर्यंत आपोआप सोडतो.

मिस्त्रीला सांगताना ‘ब्रेक चिपक रहे हैं’ असंच सांगा. ‘गाडी जाम चल रही है’ म्हणालात तर तपासणी क्लचपासून सुरू होईल. कोणतं चाक, किती किलोमीटरनंतर आणि पेडल तेव्हा वर आणि कडक होतं का, हेही सांगा. निम्मं निदान त्यातच असतं.

कोणतं चाक हे हात लावून बघू नका, भाजेल. रिमच्या मधोमध चार थेंब पाणी टाका. जिथं चुर्र होऊन उडून जाईल ते चाक. चारही चाकं तापली असतील तर दोष मास्टर सिलिंडरच्या (पेडल दाबलं की ऑइल चाकांकडे ढकलणारा भाग) बाजूला. पुढच्या चाकांवर ओढणाऱ्या बहुतेक गाड्यांत ब्रेक ऑइलच्या दोन लाइनी (नळ्या) तिरक्या विभागलेल्या असतात, म्हणून पुढचं डावं आणि मागचं उजवं अशी जोडी तापली तरी संशय मास्टरवरच. एकच पुढचं चाक असेल तर कॅलिपर (पिस्टननं पॅड डिस्कवर दाबणारा भाग) किंवा त्याला ऑइल पोचवणारी रबरी होज. फक्त मागची असतील तर आधी हँडब्रेकची केबल बघा.

आता मुख्य गोष्ट. ब्रेक धरलेला असताना बहुतेक ठिकाणी पहिला पाना चाकावरच्या ब्लीडर निपलला, म्हणजे हवा काढायच्या स्क्रूला, लागतो. ऑइल पिचकारीसारखं उडतं, चाक सुटतं, ‘कॅलिपर गया’ असा निकाल लागतो. पण दाब अडकला होता कुठे, याचा पुरावा त्या पिचकारीबरोबर गेला. तपासणी वरून खाली, म्हणजे पेडलपासून चाकाकडे, करायची असते. त्यासाठी ८, १० आणि १२ चे पाने, १० चा फ्लेअर नट पाना (लाइनचा नट जवळजवळ सगळीकडून धरणारा), चिंधी आणि जॅक डिकीत ठेवा, कारण हे काम दोष हजर असताना, रस्त्याच्या कडेलाच करावं लागतं. सपाट जागा, गाडी गिअरमध्ये, उरलेल्या चाकांना विटा, मगच जॅक. पुढचं चाक सुटलं का हे फिरवून बघताना मात्र न्यूट्रल, नाहीतर ते गिअरनंच अडेल. गाडीखाली शिरायचं नाही.

आधी पायाच्या बोटांनी पेडल वर ओढा. तेवढ्यानं चाक सुटलं तर ब्रेक लाइटचा स्विच पेडलला दाबून धरतोय, नाहीतर स्प्रिंग मेली आहे. नवा स्विच बसवल्यानंतर सुरू झालेला त्रास बहुधा हाच. पेडल पूर्ण वर आल्यावर त्यात काही मिलिमीटर तरी मोकळी चाल हवी. मग इंजिन बंद करून बूस्टरचा (इंजिनच्या व्हॅक्यूमवर पायाचा जोर वाढवणारा डबा) व्हॅक्यूम पाइप काढा. चाक सुटलं तर बूस्टरची झडप अडकतेय. नाही सुटलं तर मास्टर सिलिंडर बूस्टरला धरणारे दोन नट ढिले करून तो दोन-तीन मिलिमीटर पुढे सरकवा. आता सुटलं तर बूस्टरमधून मास्टरला ढकलणारी दांडी, म्हणजे पुशरॉड, लांब पडतोय. मास्टर बदलताना हे माप कुणी तपासत नाही, आणि दोष नव्या मास्टरवर येतो.

तरीही धरलेलंच असेल तर मास्टरमधून निघणाऱ्या लाइनचा नट फ्लेअर पान्यानं पाव वळसा ढिला करा. साध्या पान्यानं त्याचे कोपरे मरतात. इथं ऑइल दाबानं आलं आणि चाक सुटलं तर मास्टरचं परतीचं बारीक छिद्र बुजलेलं आहे, गाळानं किंवा फुगलेल्या रबरानं. ‘थंड असताना बरी, दहा किलोमीटरनंतर जड, अर्धा तास उभी केली की पुन्हा बरी’ याचं उत्तर इथंच मिळतं. ऑइल तापून फुगतं, मास्टरवरच्या ऑइलच्या टाकीत परत जायला वाट नसते, म्हणून ते चाकावरचा पिस्टन ढकलतं, ब्रेक आणखी तापतो.

तिथंही दाब नसेल, तर आता निपल उघडा. आता सुटलं तर दोष मधल्या होजमध्ये. तिचं आतलं अस्तर सोलून झडपेसारखं लोंबतं. पायाचा दाब त्याला उघडून पलीकडे जातो, पण पिस्टनच्या सीलचा परतीचा जोर फारच थोडा, तो अडतो. बाहेरून होज नवीकोरी दिसते. कॅलिपर होजवर लटकत सोडला की हे लवकर होतं. बदलायची तर दोन्ही बाजूंची. उघडलेला प्रत्येक नट लगेच घट्ट करा, टाकीतली पातळी बघा, पेडल मऊ लागलं तर हवा काढल्याशिवाय गाडी हलवू नका. रंगावर सांडलेलं ऑइल ताबडतोब पाण्यानं धुवा.

निपल उघडूनही चाक धरलेलं असेल तर ते यांत्रिक आहे. पिस्टन गंजलेला, किंवा कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिना सुकलेल्या. पिन काढली की कळतं: फाटलेल्या रबरी बुटातून पाणी गेलेलं, ग्रीसचा काळा डिंक झालेला. साफ करून सिलिकॉन ग्रीसच लावा. साधं ग्रीस रबर फुगवतं, आणि महिन्याभरात पिन पुन्हा अडकते.

मागच्या चाकांच्या ड्रम ब्रेकचं पावसाळ्यात वेगळंच. रात्रभर हँडब्रेक ओढून ठेवला की सकाळी ‘कट्’ आवाज करून चाक सुटतं. तो नुसता गंज, रोग नाही. चालताना धरत असेल तर केबल आतून गंजलेली असते. जून ते सप्टेंबर गाडी उभी करताना हँडब्रेक न ओढता गिअरमध्ये, विटा लावून ठेवा.

दुरुस्ती होईपर्यंत खंडवा रस्त्यानं भेरूघाट उतरू नका. धरलेल्या ब्रेकनं ऑइल उकळलं की पेडल थेट तळाला जातं. ताजं डॉट ३ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओलावा शोषलेल्यासाठी ती किमान मर्यादा १४० अंशांची. म्हणून दर दोन वर्षांनी बदला, सीलबंद डबीतलंच.

आणि काही उघडण्याआधी ब्रेक ऑइलच्या टाकीचं झाकण काढा. त्यातलं रबर फुगून सैल, लाटांसारखं झालं असेल आणि परत खाचेत बसत नसेल, तर कुणीतरी ब्रेक ऑइलच्या जागी इंजिनचं किंवा पॉवर स्टिअरिंगचं तेल ओतलंय. मग एक कॅलिपर बदलून भागत नाही; मास्टरपासून मागच्या ड्रममधल्या शेवटच्या व्हील सिलिंडरपर्यंत सगळी रबरं आणि होज बदलायच्या, लोखंडी लाइनी धुवायच्या.