ओव्ही, ओएमयू आणि माझी फजिती

म्युनिकला येऊन तीन महिने झाले होते. घराजवळच्या मल्टिप्लेक्सला एक अमेरिकन पिक्चर लागला होता. पोस्टरवर नाव इंग्रजीत, म्हणून बिनधास्त तिकीट काढलं. पहिल्याच सीनला हिरोने तोंड उघडलं आणि खणखणीत जर्मन! आजूबाजूला कुणाला त्याचं काही नाही. इथे परदेशी पिक्चर सर्रास डब करून लावतात, हॉलिवूडच्या मोठ्या नटांचे जर्मन आवाजही वर्षानुवर्षं ठरलेले असतात, हे मला कोण सांगणार? आई फोनवर म्हणाली, "मग आपण साउथचे पिक्चर हिंदीत बघतो तसंच की गं!"

ऑफिसातल्या मैत्रिणीने सांगितलं, शोच्या वेळेशेजारची अक्षरं वाचत जा. 'ओव्ही' म्हणजे मूळ भाषेत, 'ओएमयू' म्हणजे मूळ भाषा आणि खाली सबटायटल्स. मी खूश. लगेच एका फ्रेंच पिक्चरचं ओएमयू बुक केलं आणि पुन्हा आपटले. सबटायटल्स जर्मनमध्ये! इंग्रजी हवी असतील तर मधे एक बारका 'ई' लागतो, ओएमईयू. जर्मन क्रियापद बऱ्याचदा वाक्याच्या टोकाला बसलेलं असतं, आणि मी तिथवर पोचेपर्यंत ओळ गायब. नवरा बायकोला सोडायला गेला की सोडून गेला, ते मला अजून कळलेलं नाही.

तिसऱ्यांदा मात्र थेट म्युझियम-लिश्टश्पीले गाठलं. इझारटोर स्टेशनला उतरायचं, लुडविग पूल ओलांडायचा, की आलंच. १९१० पासूनचं जुनं थिएटर, इंग्रजी पिक्चर मूळ भाषेत लावणारं. 'रॉकी हॉरर पिक्चर शो' इथे १९७७ पासून लागतोय, म्हणजे मराठा मंदिरला 'दिलवाले' लागायच्या १८ वर्षं आधीपासून! पॉपकॉर्न घेताना 'खारं' असं आठवणीने सांगितलं. नुसतं पॉपकॉर्न मागून गोड हातात पडण्याचा अनुभव पहिल्या वेळी घेतला होता.

जाहिराती संपता संपेनात. मग अंधार झाला आणि मी सवयीने राष्ट्रगीतासाठी अर्धी उठले. शेजारच्या आजोबांना वाटलं मला बाहेर जायचंय, त्यांनी बिचाऱ्यांनी पाय आखडून घेतले. पडद्यावर पहिलं वाक्य आलं, इंग्रजीत. मागची पोरं हसली, त्यांच्याबरोबरच मीही हसले.

तासाभराने इंटर्व्हल होईल म्हणून पर्स सावरून बसले. तो काही झाला नाही.