तुम्ही विचारलंत म्हणून: बॅटरीचा रॅचेट घेऊ की हाताचा?

हत्यारांची हौस आहे हे कळलं की हा प्रश्न हटकून येतो. रॅचेट म्हणजे बोल्टाच्या डोक्यावर बसणारी गोटी लावून, न उचलता मागे-पुढे करत बोल्ट फिरवायचा दांडा; बॅटरीवाल्यात ते फिरवणं मोटर करते. विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा बॅटरीवाला ठरलेलाच असतो, मी फक्त मान डोलवायची असते. मी उलट विचारतो, हाताचा चांगला रॅचेट आहे का? नसेल तर आधी तो घ्या.

बोल्ट खोलताना आधी तो सुटावा लागतो, मग फिरत बाहेर येतो. बसवताना फिरत आत जातो आणि शेवटी आवळला जातो. बॅटरीच्या रॅचेटचा खरा उपयोग मधल्या फिरवण्यापुरता. तीन सुताचे (म्हणजे गोटी बसते तो चौकोनी खुंट 3/8 इंचाचा), 12 व्होल्टचे नेहमीचे रॅचेट साधारण 50 ते 80 न्यूटन-मीटरच्या (पिळण्याच्या जोराचं माप) घरात जोर देतात. गंजलेला बोल्ट त्याला दाद देत नाही. बटण न दाबता हाताने ओढून सैल करता येतो, पण किती जोर लावायचा याला मर्यादा असते. ती माहितीपुस्तकात बघा. दांड्याला पाइप लावून झोंबाल तर आतली यंत्रणा जाईल. जाम बोल्टाला लांब दांडाच हवा.

मग तो घ्यायचा कशाला? हिशोब करून बघा. 72 दात्यांचा हाताचा रॅचेट एका दात्याला 5 अंश फिरतो. जागा इतकी अडचणीची असेल की दांडा एका वेळी एकच दाता सरकतो, तर बोल्टाच्या एका फेऱ्याला 72 हेलपाटे. 6 मिलिमीटरच्या साध्या बोल्टाचा आटा एका फेऱ्यात 1 मिलिमीटर पुढे जातो. म्हणजे 20 मिलिमीटर आटे असतील तर 1440 वेळा खटखट! त्यात आणखी एक छळ. बोल्ट पुरेसा सैल झाला की दांडा मागे नेताना बोल्टही त्याच्याबरोबर उलटा फिरतो. तिथे बोट पोचत असेल तर गोटी धरून ठेवायची, नसेल तर तुम्ही आणि बोल्ट जागच्या जागी. अशा ठिकाणी बॅटरीवाला काही सेकंदांत मोकळा होतो, आणि असे बोल्ट रोज खोलणाऱ्याने तो जरूर घ्यावा. फक्त त्याचं डोकं जाड आणि अंग लांब असतं. हाताचा पातळ रॅचेट जिथे शिरतो तिथे हा शिरेलच असं नाही.

आवळताना मात्र मी त्याच्यावर विसंबत नाही. 6 मिलिमीटरच्या साध्या पोलादी बोल्टाला साधारण 10 न्यूटन-मीटर पुरतात, आणि हातातलं यंत्र त्याच्या कितीतरी पट जोर लावू शकतं. खाली ॲल्युमिनियम असेल तर आटे गेलेच म्हणून समजा. सुरुवातीचे दोन-तीन फेरे बोटांनी द्या, म्हणजे बोल्ट वाकडा धरलाय का ते कळतं. मग बटण हलकेच दाबून तो टेकेपर्यंत न्या आणि शेवटचा ताण हाताने किंवा टॉर्क रेंचने (नेमका ठरवलेला जोर लावता येणारा पाना) द्या. बोल्ट बसत आला की दांड्यातून तळहाताला एक घट्टपणा जाणवतो. मोटरच्या घरघरीत तो हरवतो.

बोटांचंही सांगतो. बोल्ट टेकला की फिरायचं काम यंत्राकडे येतं: गोटी थांबते आणि अख्खा रॅचेट उलट दिशेला झटका देतो. त्या बाजूला एखादी पट्टी किंवा ब्रॅकेट असेल तर मधल्या बोटांची सालं निघतात. म्हणून बटण दाबण्याआधी दांडा कुठे आपटेल ते बघायचं, आणि त्या बाजूला बोटं ठेवायची नाहीत.

खोलतानाही एक सापळा आहे. बोल्ट बाहेर येत येत रॅचेटचं डोकं मागच्या भिंतीशी दाबतो. हाताच्या रॅचेटने जागा संपत आल्याचं लक्षात येतं, बॅटरीवाला क्षणात तिथे पोचतो आणि अडकतो. उपाय म्हणजे दिशा बदलून बोल्ट पुन्हा आत घालणे. पण दिशेची कळ डोक्याच्या मागच्या बाजूला असेल तर तीच भिंतीला चिकटलेली असते. मागे जागा कमी दिसली की मी शेवटचे फेरे हातानेच काढतो.

बॅटरीचं म्हणाल, तर एखाद्या कंपनीचा ड्रिल आणि चार्जर आधीच असेल तर त्याच बॅटरीवर चालणारा नुसता रॅचेट घ्या. एका हत्यारासाठी वेगळा चार्जर सांभाळणं मला पटत नाही.

आणि गाडीच्या चाकांसाठी विचारत असाल तर दोन्ही नकोत. चाकाचे नट अनेक गाड्यांत 100 न्यूटन-मीटरच्या वर आवळलेले असतात. खोलायला लांब दांड्याचा पाना आणि आवळायला टॉर्क रेंच घ्या. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात मिळेल.