शंभर फुटांवरची ब्रिटिश विमाने

१९५० आणि १९६०च्या दशकांतील ब्रिटिश लष्करी जेट विमानांपैकी सर्वांत आवडते कोणते, असे विचारले की बहुतेक चाहते हंटर, लाइटनिंग किंवा व्हल्कन यांपैकी एखादे नाव घेतात, आणि त्यात वावगे काही नाही. सिडनी कॅम यांनी आखलेल्या हंटरची रेषा आजही कुठे खटकत नाही. लाइटनिंगमध्ये दोन इंजिने शेजारी न ठेवता एकावर एक रचण्याचा धीट निर्णय घेतलेला होता. आणि व्हल्कनचा त्रिकोणी आकार तर विमानांशी काहीच देणेघेणे नसलेल्या माणसालाही मान वर करायला लावतो. माझे उत्तर मात्र बुकॅनियर हे असते. मध्यभागी फुगलेले अंग, त्या मानाने आखूड पंख आणि उघडल्यावर दोन फाकांत विभागले जाणारे शेपटाचे टोक असलेले हे विमान प्रथमदर्शनी कोणालाही देखणे वाटत नाही, परंतु जमिनीला किंवा समुद्राला चिकटून वेगाने उडणे या एकाच कामासाठी ते जन्माला आले होते आणि ते काम त्याच्याइतके चांगले त्या काळात क्वचितच कोणी केले असेल.

कमी उंचीवरून उडणाऱ्या विमानांचे आकर्षण अनेकांना त्यातल्या थरारामुळे वाटते. मलाही आधी तसेच वाटत असे, पण या विमानांविषयी वाचत गेलो तसे लक्षात येऊ लागले की त्या थरारामागे मुख्यतः भूमिती आहे. रडारच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी गोल आहे, त्यामुळे विमान जितके खाली, तितके ते क्षितिजाआड अधिक काळ लपलेले राहते. रडारचा अँटेना जमिनीपासून दहा मीटरवर आहे असे धरले, तर ४०,००० फुटांवरून येणारे विमान हिशेबाने सुमारे साडेचारशे किलोमीटरवरून त्याच्या दृष्टिपथात येते. तेच विमान १०० फुटांवरून आले तर अंतर पस्तीस किलोमीटरच्या आसपास उरते. ताशी हजार किलोमीटर वेगाने येणाऱ्या विमानाविरुद्ध तयारी करायला पहिल्या परिस्थितीत जवळजवळ अर्धा तास मिळतो आणि दुसऱ्या परिस्थितीत जेमतेम दोन मिनिटे. वाटेत डोंगर असले तर तेवढीही मिळत नाहीत.

गंमत अशी की ब्रिटनच्या तीन ‘व्ही’ बॉम्बरची, म्हणजे व्हॅलियंट, व्हल्कन आणि व्हिक्टर यांची, आखणी नेमक्या उलट विचाराने झाली होती. त्यांना इतक्या उंचावरून जायचे होते की खालचा कोणी त्यांच्यापर्यंत पोहोचूच नये, आणि अणुस्फोटाची उष्णता परावर्तित व्हावी म्हणून त्यांना पांढराशुभ्र रंग दिलेला होता. १ मे १९६० रोजी सोव्हिएत क्षेपणास्त्राने स्वेर्दलोव्स्कजवळ अमेरिकेचे यू-२ हे अत्यंत उंचावरून जाणारे टेहळणी विमान पाडले आणि उंची म्हणजे सुरक्षितता हे समीकरण मोडीत निघाले. १९६३-६४च्या सुमारास या बॉम्बर विमानांना खाली उतरून उडण्याचे नवे काम देण्यात आले, आणि त्यांच्या पाठीवर पांढऱ्याऐवजी जमिनीच्या रंगांचे पट्टे चढले.

परंतु रंग बदलला म्हणून विमान बदलत नाही. जमिनीजवळची हवा दाट आणि अस्वस्थ असते. डोंगर, दऱ्या आणि तापलेली शेते यांच्यावरून उठणारे झोत पंखाला सतत खाली-वर ढकलत राहतात, आणि पंख जितका प्रशस्त तितका त्याला बसणारा धक्का मोठा असतो. उंचावरच्या विरळ हवेसाठी बनवलेला व्हल्कनचा अवाढव्य पंख खालच्या हवेत वादळात उघडलेल्या छत्रीसारखा वागे. व्हल्कनने हे सहन केले. व्हॅलियंटला ते झेपले नाही: १९६४ साली त्याच्या पंखांच्या मुख्य तुळयांमध्ये तडे सापडले, आणि १९६५च्या आरंभी ती सर्व विमाने सेवेतून काढून टाकण्यात आली. तडे पडण्यात वापरलेल्या मिश्रधातूचाही दोष होता, हे सांगितले पाहिजे.

बुकॅनियरची गोष्ट वेगळी, कारण त्याच्या बाबतीत हा प्रश्न कागदावरच सोडवलेला होता. सोव्हिएत नौदलाने स्वेर्दलोव्ह वर्गाच्या मोठ्या क्रूझर बांधायला घेतल्या आणि १९५३ साली राणी एलिझाबेथ यांच्या राज्याभिषेकानिमित्त झालेल्या आरमारी पाहणीत त्यांपैकी एक इंग्लंडच्या किनाऱ्यावर येऊन साऱ्यांना दिसलीही. (ही नौका आणि यू-२ जिथे पडले ते शहर, दोन्हींना एकाच बोल्शेविक नेत्याचे नाव होते, हा योगायोग मला नेहमी आवडतो.) तितक्याच क्रूझर बांधण्यापेक्षा विमानवाहू नौकेवरून निघणारे, लाटांवरून वेगाने जाऊन हल्ला करणारे विमान घ्यावे, असे ब्रिटिश नौदलाने ठरवले, आणि यॉर्कशरमधील ब्रॉ येथील ब्लॅकबर्न या कंपनीने ते बनवले. ३० एप्रिल १९५८ रोजी ते पहिल्यांदा आकाशात गेले.

त्यातली युक्ती अशी होती. खालच्या हवेतून धक्के न खाता वेगाने जायचे असेल तर पंख लहान हवा, परंतु लहान पंखाचे विमान हळू उडू शकत नाही, आणि हळू उडता आले नाही तर विमानवाहू नौकेच्या आखूड डेकवर उतरता येत नाही. ब्लॅकबर्नच्या अभियंत्यांनी इंजिनातून दाबाखालची गरम हवा काढली आणि ती बारीक फटींमधून पंखांच्या व शेपटाच्या पृष्ठभागावरून फुंकली. हवेचा प्रवाह पंखाला चिकटून राहू लागला, आणि लहान पंखाला उतरण्यापुरते मोठ्या पंखाचे बळ मिळाले. बॉम्बच्या कप्प्याचे दार बाहेर उघडले की वेगात धक्का बसतो, म्हणून ते दारच स्वतःभोवती फिरेल असे केले. बॉम्ब दाराच्या आतल्या बाजूला टांगलेले असत आणि दार फिरले की ते खाली येत. अंगाचा तो कुरूप फुगवटाही कारणाशिवाय नव्हता, कारण ध्वनीच्या वेगाजवळ हवेचा विरोध कमी ठेवायचा तर विमानाच्या आडव्या छेदाचे क्षेत्रफळ नाकापासून शेपटापर्यंत एकदम वाढू किंवा घटू द्यायचे नसते. हे सारे कळल्यावर मला ते विमान कुरूप वाटेनासे झाले.

ब्रिटिश हवाई दलाला मात्र हे नौदलाचे विमान नको होते. त्यांना टीएसआर-२ हे नवे हल्ला विमान हवे होते, जे जमिनीलगत स्वतःच्या रडारने चढउतार ओळखत जाणार होते आणि ध्वनीपेक्षा वेगवान असणार होते. २७ सप्टेंबर १९६४ रोजी ते उडाले, आणि ६ एप्रिल १९६५ रोजी खर्चाच्या कारणावरून सरकारने तो प्रकल्पच रद्द केला. त्याऐवजी घ्यायचे ठरलेले अमेरिकी एफ-१११ही १९६८ साली रद्द झाले, आणि अखेर नाक मुरडत हवाई दलाने बुकॅनियर स्वीकारले. पुढे १९७७ साली नेवाडाच्या वाळवंटात अमेरिकी हवाई दलाच्या रेड फ्लॅग सरावात ही विमाने इतक्या खालून गेली की त्यांची कीर्ती चाहत्यांमध्ये अजून सांगितली जाते. त्याच नेवाडात १९८० साली धातूच्या थकव्यामुळे एका बुकॅनियरचा पंख तुटला आणि आतले दोघेही गेले, हे मात्र कीर्ती सांगताना बहुधा वगळले जाते.

आता ज्या उड्डाणाचा विषय निघाल्याशिवाय अशी कोणतीही चर्चा पूर्ण होत नाही, त्याच्याकडे येतो. १ एप्रिल १९६८ रोजी ब्रिटिश हवाई दलाला पन्नास वर्षे पूर्ण झाली, परंतु लंडनवरून विमानांची मानवंदना ठेवण्यात आली नाही. याचा राग मनात धरून फ्लाइट लेफ्टनंट अॅलन पोलॉक हे ५ एप्रिलला टँगमिअरहून आपल्या वेस्ट रेनम तळाकडे परतताना तुकडीतून वेगळे झाले, हंटर घेऊन लंडनवर आले, संसदेभोवती तीन फेऱ्या मारल्या, थेम्सकाठच्या हवाई दलाच्या स्मारकाला पंख झुकवून वंदन केले आणि नदीवरून पूर्वेकडे निघाले. समोर टॉवर ब्रिज आला. त्याच्या दोन मनोऱ्यांमध्ये सुमारे ६१ मीटर अंतर आहे, खालचा रस्ता आणि वरचा पादचारी मार्ग यांच्यात तीसेक मीटर, आणि हंटरच्या पंखांचा विस्तार १०.२६ मीटर. ते त्या चौकटीतून आरपार गेले. पुलावरून त्या वेळी एक दुमजली बस जात होती. तळावर उतरल्यावर त्यांना अटक झाली. कोर्ट मार्शल झाले असते तर त्यांना आपली बाजू जाहीरपणे मांडता आली असती, पण तसे न होता वैद्यकीय कारण दाखवून त्यांना सेवेतून मोकळे करण्यात आले.

या उड्डाणाविषयी माझे मत सरळ नाही. कौशल्य वादातीत आहे, आणि राग समजण्यासारखा आहे. पण मापे पाहिली तर असे दिसते की त्या चौकटीत विमान बसण्याचा प्रश्न फारसा नव्हताच. प्रश्न होता तो चुकल्यास किंमत कोणी मोजायची याचा, आणि त्या बसमधल्या लोकांना कोणी विचारलेले नव्हते. २२ ऑगस्ट २०१५ रोजी शोरम येथील प्रदर्शनात एक जुने दोन आसनी हंटर पुरेशी उंची नसताना उभा वळसा घेऊ लागले आणि वळशातून सावरू न शकल्याने ए-२७ या रस्त्यावर कोसळले. अकरा माणसे मरण पावली. ती प्रदर्शनाच्या आवारात नव्हती, रस्त्यावर होती. त्यानंतर लगेचच जुन्या जेट विमानांनी समुद्राऐवजी जमिनीच्या वरच्या आकाशात कसरती करण्यावर बंदी आली, आणि अनेक चाहत्यांनी ती जाचक असल्याची तक्रार केली. मला ती जाचक वाटली नाही.

अधिकृत, मोजूनमापून केलेले कमी उंचीचे उड्डाण पाहायचे असेल तर वेल्समध्ये डॉल्गेथलाइ आणि मचिन्थलेथ यांच्या दरम्यानच्या दऱ्यांमध्ये जावे, ज्यांना सगळे ‘माख लूप’ म्हणतात. ब्रिटनमध्ये लढाऊ जेटसाठी सर्वसाधारण किमान मर्यादा २५० फूट आहे, आणि वेल्सचा काही भाग, उत्तर स्कॉटलंड व सीमाप्रदेश अशा ठरावीक क्षेत्रांत ठरावीक वेळी ती १०० फुटांपर्यंत उतरते. डोंगराच्या उतारावर चढून बसले की विमान खालून, दरीतून येते, आणि आपण त्याच्या पाठीकडे व कॉकपिटमधल्या शिरस्त्राणाकडे वरून पाहतो. वर्षभरात कोणत्याही दिवशी काहीच न येण्याची शक्यता मोठी असते. शनिवार-रविवारी तर जाऊच नये. बुकॅनियर तिथे आता दिसणार नाही, पण १९७४ साली पहिल्यांदा उडालेल्या हॉक विमानाचे आजचे रूप जवळच्या अँगलसी बेटावरून येते. ज्या सूर्यकिरण चमूच्या कसरती आपण भारतात पाहतो, तो चमूही हॉकच उडवतो.

महाराष्ट्र आणि गोव्याशी या विमानांचा संबंध तसा जुनाच आहे. डिसेंबर १९६१मध्ये गोवा मुक्तीच्या कारवाईत दाबोळीची धावपट्टी निकामी करायला पुण्याहून जी विमाने गेली ती ब्रिटिश बनावटीची कॅनबेरा होती, आणि बांबोळीच्या बिनतारी केंद्रावर बेळगावजवळच्या सांबऱ्याहून गेलेली विमाने हंटर होती. पुढे त्याच दाबोळीला भारतीय नौदलाच्या सी हॅरियर या ब्रिटिश बनावटीच्या विमानांचे घर झाले. प्रवासी विमानाने गोव्यात उतरताना खिडकीतून ती दिसावीत म्हणून मी नेहमी धडपडत असे. २०१६ साली ती निवृत्त झाली. ५ डिसेंबर १९७१ रोजी लोंगेवालाच्या वाळूत पाकिस्तानी रणगाड्यांना रोखणारी हंटर जैसलमेरहून उडाली होती, आणि तिथे लपायला ना डोंगर होता ना झाड. शत्रूच्या डोक्यावर विमानांचे छत्र नव्हते म्हणून ते साधले, हे तिथल्या वैमानिकांच्या धाडसाला उणेपणा आणणारे विधान नाही.

१९९१ सालच्या आखाती युद्धात ब्रिटिश टोर्नेडो विमाने इराकी धावपट्ट्यांवर अशीच जमिनीलगत गेली, आणि काही दिवसांतच झालेल्या हानीनंतर त्यांना वर, मध्यम उंचीवर पाठवण्यात आले. तेवढ्या उंचीवरून अचूक बॉम्ब टाकायचा तर लक्ष्यावर लेझरचा किरण धरून ठेवायला कोणीतरी हवे होते. तेव्हा स्कॉटलंडमधील लॉसीमाउथहून बारा बुकॅनियर घाईघाईने वाळूच्या रंगात रंगवून बहारीनला आणली गेली. समुद्राला घासून जाण्यासाठी जन्मलेल्या आणि त्यासाठीच तीन दशके तयार झालेल्या या विमानांनी आपले एकमेव युद्ध हजारो फुटांवरून लढले, आणि तेही उत्तम. १९९४ साली ती निवृत्त झाली. युद्धाच्या काळात त्यांच्या अंगावर चाच्यांचे कवटीचे निशाण (बुकॅनियर म्हणजे समुद्री चाचा) आणि लॉसीमाउथच्या आसपास गाळल्या जाणाऱ्या व्हिस्कींची नावे रंगवलेली होती, आणि बहारीनमध्ये ती कोणी पुसायला लावली नाहीत.