सातनंतर पाणी बंद

मी पुण्यातल्या एका खासगी वृद्धाश्रमात सिस्टर आहे. अंथरुणाला खिळलेले, पार्किन्सन्सचे, ऑपरेशननंतर घरी सांभाळणं जमत नाही असे बरेच जण आमच्याकडे असतात.

त्या दिवशी सकाळच्या ड्यूटीला आले, तर खालच्या खोलीतल्या आजींचे हात ओढणीने पलंगाला बांधलेले होते. आजी निवृत्त शिक्षिका, वय ऐंशीच्या पुढे. खुब्याच्या ऑपरेशननंतर वॉकर लागतो, पण डोकं तल्लख. आदल्या दुपारीच त्यांनी शब्दकोडं सोडवून मला दाखवलं होतं.

नाइटच्या मावशी म्हणाल्या, "सिस्टर, रात्रभर गोंधळ घातला बघा. छताला मुंग्या दिसतायत म्हणे. डायपर ओढून काढत होत्या. पडल्या असत्या, म्हणून बांधलं. झोपेची गोळी चालू करून घ्या आता."

मी आधी गाठी सोडल्या. मनगटांवर वळ उठले होते. आजी मला त्यांच्या वर्गातली मुलगी समजून हजेरी घेत होत्या, मध्येच डोळा लागत होता. जीभ कोरडीठाक, ओठांना साल सुटलेली, काखही कोरडी. नाडी जलद, बीपी नेहमीपेक्षा कमी, अंगात कणकण. शुगर ठीक होती. रात्रभराच्या डायपरमध्ये थोडीशीच लघवी, गडद आणि उग्र वासाची.

काल शुद्धीत असलेलं माणूस आज असं बरळू लागलं, तर ते म्हातारपण नाही आणि एका रात्रीत जडलेला डिमेन्शियाही नाही. डिमेन्शिया महिनोन् महिने हळूहळू वाढत जातो. असा अचानक झालेला भ्रम म्हणजे डिलिरियम. त्याच्यामागे शरीरात काहीतरी बिघडलेलं असतं. लघवीचा संसर्ग, पाणी कमी पडणं, नवीन औषध, साफ न झालेलं पोट. ते न शोधता झोपेची गोळी दिली असती, तर आजी गप्प झाल्या असत्या आणि आजार आत वाढत राहिला असता.

"मावशी, काल संध्याकाळी पाणी किती प्यायल्या?"

मावशी जरा थांबल्या. मग सरळ बोलल्या, "सातनंतर कुणालाच देत नाही आम्ही. डायपर भरतात. रात्री मी एकटी आणि पंचवीस जण. किती वेळा बदलू?"

त्या बाईचा मला राग आला नाही. पाठदुखी असताना एकेकाला कुशीवर वळवणारी बाई आहे ती. डायपरचे पैसे नातेवाइकांना वेगळे पडतात, बिल वाढलं की ऑफिसात तक्रार येते, ऑफिस मावशींना बोलतं आणि मावशी पाणी कमी करतात. म्हातारपणी तहानेची जाणीवच मंदावते, त्यामुळे आजी काही मागतही नाहीत. चार्टवर मात्र 'पाणी दिले' अशी खूण रोज असतेच.

डॉक्टरांना बोलावलं, आजींना हॉस्पिटलमध्ये हलवलं. पाणी कमी पडल्याने रक्तात सोडियम वाढलेलं, लघवीत संसर्ग. सलाइन, अँटिबायोटिक. परदेशातल्या मुलाने फोनवर पहिलाच प्रश्न विचारला, "सिस्टर, आईला डिमेन्शिया झाला का?" नाही म्हटल्यावर पलीकडून काही वेळ आवाजच आला नाही. काही दिवसांनी आजींनी पेपर मागवला. पूर्ण भानावर यायला मात्र आणखी बरेच दिवस गेले.

2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात वृद्धाश्रमांतल्या सेवांचा दर्जा ठरवण्याची तरतूद आहे. पण चौकशीला येणारी मंडळी बाग बघतात, देवघर बघतात, एसी आहे का विचारतात. रात्री किती मावशी असतात, हे क्वचितच कुणी विचारतं.

मॅनेजरांना मी लेखी दिलं: सातची बंदी उठवा, कितीदा आणि किती पाणी प्यायले ते मिलीलिटरमध्ये लिहा, हात बांधणं बंद, नाइटला दुसरी मावशी. पहिल्या तीन गोष्टी झाल्या. दुसरी मावशी फी वाढवल्याशिवाय परवडत नाही, असं उत्तर आलं. आमच्याकडे भेटीची वेळ चार ते सहा आहे. मी आता प्रत्येक नातेवाइकाला सांगते, ऑफिसातून परवानगी काढा, पण एकदा तरी रात्री नऊला या.