शांत बाकांची नोंदवही : आता मोजणी बसूनच

निवांत बसायच्या शांत जागांची मी यादी करते आणि प्रत्येक जागेचा आवाज फोनवर मोजते. मागच्या नोंदीनंतर मोजायची पद्धत बदलली आणि यादीतल्या जागांचा क्रम बराच वरखाली झाला. आता आधी बसायचं, फोन कानाच्या उंचीवर धरायचा आणि मगच आकडा घ्यायचा. बसलेल्या माणसाचा कान जमिनीपासून साधारण १.२ मीटरवर असतो. मध्ये छातीएवढा कठडा असला, तर उभ्या माणसाला रस्ता दिसतो, बसलेल्याला दिसत नाही. रस्ता दिसेनासा होणं फार मोलाचं. आवाजाची सरळ वाट अडली की साधारण ५ डेसिबल तिथेच कमी होतात. कठड्याला जेवढं लगटून बसाल तेवढा फायदा जास्त, त्यामुळे दूरचा ऐसपैस बाक सोडून मी आता कठड्याच्या पायथ्याशी बसते.

नुसतं रस्त्यापासून लांब जाण्यावर माझा भरवसा राहिलेला नाही. वाहता रस्ता म्हणजे आवाजाची लांबलचक रेघच असते, त्यामुळे अंतर दुप्पट केलं तरी आवाज साधारण ३ डेसिबलनेच उतरतो. एका जागी धडधडणारा जनरेटर असेल तर तेवढ्याच अंतराने सुमारे ६ डेसिबल कमी होतात. म्हणून नकाशावर आता हिरवे ठिपके न शोधता आडोसे शोधते : मोठ्या इमारतीची मागची बाजू, उतारावरच्या पायऱ्या, बागेतला खोलगट भाग. दोन इमारतींमध्ये फट असली की ती जागा बाद, कारण आवाज तिथून थेट आत शिरतो. झाडांची एखादी रांग रस्ता झाकते, आवाज मात्र जवळजवळ तसाच येतो. तरी झाडांखालच्या जागा मी यादीतून काढणार नाही. वाऱ्यावर सळसळणारी पानं मला हवीच आहेत.

आडोशालाही मर्यादा आहे. टायरांची सरसर आणि हॉर्नची तीक्ष्ण धार तो चांगली अडवतो, पण बस-ट्रकची खालच्या पट्टीतली घरघर भिंतीला वळसा घालून येतेच. ज्यांना तीच घरघर छळते त्यांनी बसथांबा आणि चढाचा रस्ता टाळावा.

आकड्यांबद्दल थोडं. सरासरीसोबत मी एल-९० लिहायला लागले आहे, म्हणजे मोजणीच्या ९० टक्के वेळात आवाज ज्याच्या खाली गेला नाही ती पातळी. अधूनमधून एखादी मोटारसायकल जाणारी गल्ली आणि अखंड गुणगुणणारा एसीचा पंखा यांची सरासरी सारखी येऊ शकते. बसायला मात्र गल्ली कितीतरी बरी, आणि तो फरक एल-९०मध्ये स्वच्छ दिसतो. फोनचा माइक प्रमाणित नसतो, म्हणून माझे आकडे तुमच्या आकड्यांशी ताडून पाहू नका. एकाच फोनवर दोन जागांची तुलना करायला ते पुरेसे आहेत.

पाण्याजवळच्या जागांसाठी वेगळं पान केलंय. न्यूयॉर्कमधलं पेली पार्क १९६७ साली उघडलं. गजबजलेल्या भागातली ती छोटीशी जागा, मागच्या भिंतीवरून सुमारे ६ मीटर उंचीचा धबधबा कोसळतो आणि हलवता येणाऱ्या खुर्च्या आहेत. डेसिबल पाहिले तर तिला शांत म्हणता येणार नाही, पण पाण्याच्या आवाजात रहदारी विरून जाते आणि माणसं निवांत बसतात. कारंज्याजवळच्या जागा मी म्हणूनच आकड्यावरून बाद करत नाही. तिथे एवढंच पाहते की बसल्या जागी रस्ता वेगळा ऐकू येतो का.

सध्या लक्ष वेळेवर आहे. उन्हात जमीन तापते, वरची हवा त्या मानाने थंड राहते आणि दूरचा आवाज वरच्या दिशेने वाकून निघून जातो. निरभ्र, वारा पडलेल्या संध्याकाळी नेमकं उलट होतं. जमिनीलगतची हवा आधी गार होते, आवाज खाली वळतो आणि दुपारी जाणवतही नव्हता असा लांबचा महामार्ग स्पष्ट ऐकू येतो. भर दुपारी पसंत केलेली जागा संध्याकाळी पुन्हा तपासल्याशिवाय पक्क्या यादीत घालायची नाही, असं ठरवलंय. वाऱ्याची दिशाही लिहिते आहे, कारण रस्त्याकडून आपल्याकडे वारा असला की तोच बाक जास्त गोंगाटाचा होतो. तुमच्या नोंदींत वेळ आणि वारा दोन्ही असतील तर जरूर कळवा. मला खास करून सूर्यास्तानंतरचे आकडे हवे आहेत.