पांढरा पास्ता सोडला, पास्ता नाही

पास्ता सोडणं मला जमणारच नव्हतं, म्हणून पांढऱ्याच्या जागी काय खाता येईल ते शोधायला लागले. पांढऱ्या पास्त्यात गव्हाचा कोंडा आणि अंकुर काढून टाकलेला असतो, त्यामुळे १०० ग्रॅम कोरड्या पास्त्यात फायबर जेमतेम ३ ग्रॅम, अख्ख्या गव्हाच्यात साधारण दुप्पट किंवा जास्तच. मसूर नाहीतर छोल्यांचा घेतला तर प्रोटीन २० ग्रॅमच्या आसपास मिळतं, पोट खरंच भरलेलं राहतं. फक्त उकळताना फेस खूप येतो, भांडं मोठं घ्या आणि पाकिटावरच्या वेळेच्या एक मिनिट आधीच चाखून बघा, जरा जास्त शिजला की लगदाच होतो. आणि हो, हिरव्या रंगाला भुलू नका, पालकाच्या पास्त्यात बहुतेकदा चिमूटभर पालक पावडर आणि बाकी पांढऱ्या पास्त्यातलाच रवा असतो, पाकिटामागे पहिलं नाव कशाचं आहे ते वाचाच!