राजीनाम्यावर आजच्या आज सही मागितली तर

शुक्रवार होता, साडेपाच वाजून गेले होते, मी बॅग भरत होते तेवढ्यात मॅनेजरचा मेसेज आला, दोन मिनिटं मीटिंग रूममध्ये ये. आत गेले तर एचआरच्या मॅडम पण बसलेल्या आणि टेबलावर एक कागद टाइप करून तयार. माझाच राजीनामा. "वैयक्तिक कारणांमुळे मी स्वखुशीने..." असं सगळं. सात वर्षं काढली होती मी तिथे आणि त्या कागदावर माझं आडनावसुद्धा धड लिहिलेलं नव्हतं. मी काय केलं, तर पेन घेऊन आधी आडनाव दुरुस्त केलं आणि मग खाली सही केली. आजही आठवलं की पोटात तुटतं.

धमकी अशी कुणी दिली नव्हती, आवाजही चढवला नव्हता. एवढंच म्हणाले की सही केलीस तर चांगलं एक्सपीरियन्स लेटर देऊ, नाहीतर काढून टाकल्याची नोंद होईल आणि पुढे तुलाच त्रास, तू ठरव, पण आजच ठरव. सगळी मेख त्या "आजच"मध्ये होती, हे मला कळलं तेव्हा फार उशीर झाला होता.

कारण राजीनामा दिला की कागदोपत्री नोकरी तुम्ही सोडली, आणि काढलं तर ती त्यांनी काढली. आपल्याला वाटतं शेवटी नोकरी गेली ती गेली, काय फरक पडतो, पण नोटीसचे पैसे, भरपाई, जिथे बेकारी भत्ता आहे तिथे तो भत्ता, हे सगळं बऱ्याचदा यावरच ठरतं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा 1982 चा एक करार आहे, 158 नंबरचा, त्यात स्वच्छ लिहिलंय की योग्य कारणाशिवाय कुणाला कामावरून काढायचं नाही, वागण्यावरून किंवा कामावरून काढायचं असेल तर आधी त्या माणसाला बाजू मांडू द्यायची, आणि गर्भारपण, युनियनचं सभासदत्व किंवा मालकाविरुद्ध केलेली तक्रार ही काढायची कारणं होऊच शकत नाहीत. हा करार सगळ्या देशांनी मान्य केलेला नाही हे खरं. अमेरिकेत तर मोंटाना राज्य सोडलं तर साधारण नियमच असा की मालक कारण न देता काढू शकतो, पण तिथेही वंश, धर्म, लिंग यावरून काढणं 1964 च्या कायद्याने बेकायदेशीर आहे. म्हणजे "आमची मर्जी" हे उत्तर कुठेच पूर्णपणे खरं नसतं. पण हे सगळं संरक्षण काढलेल्या माणसाला आहे, आणि स्वखुशीने सोडतोय असं लिहून दिलं की जबरदस्ती झाली हे सिद्ध करायचं ओझं तुमच्या डोक्यावर येतं. ब्रिटन, कॅनडात छळून राजीनामा द्यायला लावणं हे काढून टाकण्यासारखंच धरतात, कन्स्ट्रक्टिव्ह डिसमिसल म्हणतात त्याला, पण ते शाबित करता करता माणूस थकतो.

आणि वेळेचं म्हणाल तर कायदा करणाऱ्यांना ही मीटिंग रूम चांगली माहिती असावी असं मला वाटतं. अमेरिकेत 1990 च्या कायद्याने चाळीस किंवा त्याहून जास्त वय असलेल्या माणसाकडून वयाच्या भेदभावाचा दावा सोडून दिल्याची सही घ्यायची असेल तर त्याला विचार करायला किमान 21 दिवस द्यावे लागतात, आणि सही केल्यावरही 7 दिवसांत ती मागे घेता येते. फ्रान्समध्ये दोघांच्या संमतीने नोकरी संपवायची पद्धत आहे, तिथे सही झाल्यावर दोन्ही बाजूंना 15 दिवस असतात मन बदलायला. मला त्या संध्याकाळी 15 मिनिटं पण मिळाली नव्हती, आणि मुख्य म्हणजे मी मागितली पण नव्हती. "मी हे घरी नेऊन वाचते आणि सोमवारी सांगते" एवढं एक वाक्य बोलायचं होतं.

याच्या उलट तक्रारीची मुदत मात्र फार लहान असते, आणि इथे लोक हमखास फसतात, कारण पहिले दोन महिने धक्क्यात जातात, मग घरच्यांना सांगण्यात जातात. जर्मनीत काढल्याचं पत्र हातात पडलं की 3 आठवड्यांत कोर्टात जावं लागतं. अमेरिकेत भेदभावाच्या तक्रारीला साधारण 180 दिवस, बऱ्याच राज्यांत 300. तुमच्याकडे किती आहेत ते पहिल्याच आठवड्यात कामगार कार्यालयात, युनियनमध्ये नाहीतर वकिलाला विचारून घ्या, बाकीचं रडणं-चिडणं नंतर करता येतं.

मला मेलवर सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे शेवटचा पगार अडवून ठेवलाय, काय करू. केलेल्या कामाचा पगार हा तुमचाच पैसा आहे, भांडण झालं, नोटीस पूर्ण केली नाही म्हणून तो सगळाच्या सगळा गिळता येत नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्याच 1949 च्या पगार संरक्षणाच्या करारात नोकरी संपली की हिशेब चुकता करा असं लिहिलंय, आणि कपात फक्त कायद्यात किंवा कामगार करारात बसेल तेवढीच. पासपोर्ट किंवा ओळखपत्र अडकवून ठेवणं तर त्याहून गंभीर, सक्तीच्या मजुरीच्या खुणांमध्ये त्याची गणती होते.

एक गोष्ट मी बरोबर केली होती, ती म्हणजे दर महिन्याची पगाराची स्लिप आणि ऑफर लेटर माझ्या स्वतःच्या मेलवर होतं. ऑफिसचं अकाउंट त्याच रात्री बंद झालं, नाहीतर हातात काहीच उरलं नसतं. फक्त आपली कागदं ठेवा हां, क्लायंटच्या फाइली पाठवत बसू नका, तेच कारण करून उलटतात तुमच्यावर. आणि त्या खोलीतून बाहेर पडल्या पडल्या कोण काय बोललं, किती वाजता, शब्दन् शब्द लिहून काढा, आठवड्याने निम्मं आठवत नाही.

मागच्या महिन्यात माझ्या एका जुन्या सहकारणीचा बाथरूममधून फोन आला, हळू आवाजात, अगं मला पण तोच कागद दिलाय, बाहेर थांबलेत. मी म्हटलं कॉपी माग, सही करू नकोस, सोमवारी सांगते म्हण आणि घरी जा. तिने तेवढंच केलं. शनिवारी तिने त्यांना मेल टाकला की मी राजीनामा देत नाहीये, मला काढत असाल तर कारण लेखी द्या. मंगळवारी नवीन पत्र आलं, त्यात पद रद्द केल्याचं कारण होतं, नोटीसचा पूर्ण पगार होता, आणि "स्वखुशीने" हा शब्द कुठेही नव्हता.